गोरिलाझ: चार चित्रं आणि त्यांच्या मागची गर्दी

सुरपेटी (धागालेखक):

२००१ साली मी पुण्यात वसतिगृहात राहायचो. मेसला लागून असलेल्या खोलीत एकच टीव्ही, आणि रात्री दहानंतर ज्याच्या हातात रिमोट त्याचं राज्य. एका रात्री एमटीव्हीवर कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर चार कार्टून वाजवताना दिसली. निळ्या केसांचा, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा असलेला एक पोरगा मरगळलेल्या आवाजात गात होता. मध्येच ड्रमवाल्याच्या डोक्यातून निळं भूत बाहेर पडलं आणि रॅप करू लागलं. मग जमिनीतून गोरिले वर आले आणि 'थ्रिलर'मधल्या भुतांसारखे रांगेत नाचू लागले. गाण्याचं नाव 'क्लिंट ईस्टवूड', आणि अख्ख्या गाण्यात त्या नटाचं नाव एकदाही नाही. खोलीतला जो तो विचारत होता, "हे गातंय कोण?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९८ मध्ये लंडनच्या वेस्टबोर्न ग्रोव्ह भागात दोन मित्र एका फ्लॅटमध्ये राहत होते. एक 'ब्लर' बँडचा गायक डेमन अल्बार्न, दुसरा 'टँक गर्ल' कॉमिकचा चित्रकार जेमी ह्यूलेट. दोघं तासन्‌तास एमटीव्ही बघत बसायचे. तो ठोकळेबाज बॉयबँडचा काळ. पडद्यावरचं सगळंच बनवलेलं आहे, तर मग आपण उघडउघड बनवलेला बँड का काढू नये, इथून गोरिलाझ सुरू झाला. यात अल्बार्नचा स्वतःचा अनुभव मोठा आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये ब्लर आणि ओएसिस या दोन इंग्लिश बँडची एकेरी गाणी एकाच दिवशी बाजारात आली. ब्लरचं २ लाख ७४ हजार खपलं, ओएसिसचं २ लाख १६ हजार, आणि ही झुंज बातम्यांत झळकली. ज्याच्या चेहऱ्याची अशी लढाई लावून झाली, त्याला तीन वर्षांनी आपला चेहराच नको झाला यात मला नवल वाटत नाही.

त्या चौघांना नुसतं रूप नाही, चरित्र आहे. मर्डॉक निकल्स हा बेसवाला, खलनायकी वळणाचा. त्याने वाद्यांच्या दुकानात चोरीसाठी गाडी घुसवली ती थेट आतल्या पोऱ्याच्या डोक्यावर. पुढे आणखी एक अपघात झाला आणि डोक्याला दुसरा पोचा आला. दोन पोचे ('टू डेंट्स') म्हणून त्या पोऱ्याचं नाव 'टू-डी', आणि दोन मितींचं चित्र म्हणूनही 'टू-डी'. निळ्या केसांचा गायक तो हाच. ड्रमर रसेल हॉब्ज न्यूयॉर्कचा, गोळीबारात गेलेल्या मित्रांची भुतं अंगात वागवणारा. गिटारवाली नूडल कुरिअरच्या खोक्यातून आली, वय वर्षं दहा. ही पात्रं मुलाखती देत, वेबसाइटवर त्यांच्या 'काँग स्टुडिओ'च्या खोल्या फिरून बघता येत. २००१ मध्ये पहिल्या अल्बमला ब्रिटनमधल्या मर्क्युरी या संगीत-पारितोषिकाचं नामांकन मिळालं तेव्हा ते नाकारलं कोणी, तर मर्डॉकने! खऱ्या परीक्षकांना एका चित्राकडून नकार.

आता मुद्द्यावर येतो. उत्तर-आधुनिकतेबद्दल लिहिणारे गोरिलाझवर तुटून पडतात, कारण सगळा मसाला आयता आहे. फ्रेंच विचारवंत बोद्रियार म्हणतो 'प्रतिरूप', म्हणजे मूळच नसलेली नक्कल. इथे मूळ बँडच नाही. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेम्सन विडंबन आणि 'पॅस्टिश' यांत फरक करतो: विडंबनाला धार असते, पॅस्टिश म्हणजे धार गेलेली नक्कल, मेलेल्या शैलींचे मुखवटे चढवून बोलणं. गोरिलाझच्या पहिल्या अल्बममध्ये हिप-हॉपचा ठेका, जमैकाच्या डबचा (रेगेतून निघालेली शैली) बेस, मेलोडिका (फुंकून वाजवायची छोटी पेटी), पंक, असं सगळं एकमेकाला जोडलेलं आहे. मग झालंच, पॅस्टिश!

मला हे पटत नाही. आमच्या घरी आजीची गोधडी आहे. तीही तुकड्यांचीच. पण त्यातलं हिरवं लुगडं आत्याच्या लग्नातलं, तो चौकड्याचा तुकडा आजोबांच्या सदऱ्याचा, हे अजून बोट ठेवून सांगता येतं. गोरिलाझ तसा आहे. त्याच पहिल्या अल्बममध्ये 'लॅटिन सिमोन' नावाचं गाणं आहे, स्पॅनिशमध्ये. क्यूबन शैलीची नक्कल करायची तर लंडनमधला कोणीही गाऊ शकला असता. पण ते गातात इब्राहिम फेरेर, 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' या क्यूबन गटातले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ती क्यूबन 'शैली' नव्हे, तो एक माणूस आहे. पुढे २००५ च्या 'डीमन डेज'मध्ये नट डेनिस हॉपर एक कथा सांगतो, आयक टर्नर पियानो वाजवतो. २०१० च्या 'प्लॅस्टिक बीच'मध्ये रॉक गायक लू रीड आहे, सोल गायक बॉबी वोमॅक आहे, आणि बैरूतमध्ये मुद्रित केलेला अरबी वाद्यवृंद आहे. मुखवट्यामागे कोणीच नाही असं सिद्धान्त सांगतो. मी बघतो तर मागे ही गर्दी. आणि समोर अल्बार्नचा चेहरा नाही म्हणूनच एवढ्यांना जागा झाली, असं मला मनापासून वाटतं.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर आधी सांगा.


अवकाळी:

धागा आवडला. एक भर घालते. कॉमिकमधली पात्रं वर्षानुवर्षं त्याच वयाची राहतात. नूडल मात्र वाढली. २००१ मध्ये हेल्मेट घातलेली चिमुरडी, २००५ च्या 'फील गुड इंक' गाण्याच्या व्हिडिओत पवनचक्कीच्या उडत्या बेटावर गिटार घेऊन बसलेली किशोरी, २०१७ मध्ये बाई. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. माझ्या कपाटाच्या दारावर आतून तिची तिन्ही वयांची चित्रं चिकटवलेली होती. घर बदलताना ती सोलून काढायला गेले तर फाटली. खोट्या पात्राबरोबर आपण मोठे झालो हे वाटणं अजिबात खोटं नसतं.


शंकेखोर:

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, यात नवीन काय? १९६९ मध्ये 'द आर्चीज'चं 'शुगर, शुगर' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तोही कार्टून बँडच, गाणारा रॉन डँटे. तेव्हा कोणी तत्त्वज्ञ धावून आले नाहीत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. २००४ च्या सुमारास या बँडची घोषणा होती 'रिजेक्ट फॉल्स आयकॉन्स', म्हणजे खोटी दैवतं नाकारा. पुढच्याच वर्षी 'फील गुड इंक' आयपॉडच्या जाहिरातीत. नंतर तुमची नूडल जॅग्वारच्या रेसिंग संघाची राजदूत. जेम्सनचं म्हणणं हेच तर आहे की बाजाराबाहेर उभं राहून बाजारावर टीका करायला आता जागाच उरली नाही. 'फील गुड इंक' हे गाणं विकत मिळणाऱ्या आनंदाबद्दल आहे आणि ते गाणंच विकत मिळणारा आनंद झालं. गोधडी सुंदर आहे हो, पण तिच्यावर किमतीची चिठ्ठी आहे.


सुरपेटी:

शंकेखोर, जाहिरातीचा मुद्दा मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जॅग्वारच्या वेळी मलाही वाईट वाटलं होतं.

आर्चीजबद्दल मात्र असहमत. तिथे शिवण लपवलेली होती, गाणं कोणाचं हे मुलांना कळू नये अशीच सगळी व्यवस्था. गोरिलाझने शिवण बाहेरून घातली. शिवाय आर्चीजला आठवण नव्हती, प्रत्येक भाग कोरा. इथे एका अल्बममधलं संकट पुढच्यात शिल्लक राहतं. २००५-०६ मध्ये नूडलचं बेट कोसळलं, तर २०१० मध्ये मर्डॉकने तिच्या जागी यंत्र-नूडल बनवली. नकलेचीही नक्कल, आणि खरी नूडल रागावून परत येते! कथाच स्वतःच्या खोटेपणाचा विचार करते. आर्चीजमध्ये हे नाही.

आणि ब्लर-ओएसिसचा उल्लेख केला होता त्याचा पुढचा भाग राहिला. २०१७ च्या 'ह्युमन्झ' अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ओएसिसचा नोएल गॅलाघर मागे गातो, आणि ब्लरचा ग्रॅहम कॉक्सनही. ज्यांना वर्तमानपत्रांनी बावीस वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभं केलं होतं ते चित्रांच्या बँडमध्ये एकत्र गायले. दोघांच्या नावाच्या बँडमध्ये हे किती अवघड गेलं असतं!


कीबोर्डकाका:

मी तीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. लग्नं, गणपती, वाढदिवस. उत्तर-आधुनिक वगैरे मला कळत नाही, ठेक्याचं सांगतो.

'क्लिंट ईस्टवूड'चा ठेका कोणी बसवला यावर आम्ही वादक मंडळी चर्चा करायचो. ड्रमरने वाजवला, की कुठल्या जुन्या रेकॉर्डवरून उचलला? २०२३ मध्ये एका मुलाखतीत अल्बार्नने ऑम्निकॉर्ड समोर ठेवला आणि एक बटण दाबलं: 'रॉक १'. तोच ठेका! कंपनीने यंत्रात भरून दिलेला. समोर बसलेला मुलाखतकार चाट पडला.

ऑम्निकॉर्ड म्हणजे सुझुकीचं वाद्य (वाद्यं करणारी सुझुकी वेगळी). डाव्या हाताने कॉर्डची बटणं दाबायची, उजव्या हाताने एका पट्टीवरून बोट फिरवायचं, की स्वरमंडळ छेडल्यासारखा आवाज येतो. आणि आत पाच-दहा ठेके तयार. आमच्या वेळी असे तयार ठेके लावले की श्रोत्यांतला एखादा जाणकार म्हणायचा, "यंत्र वाजवतंय, तुम्ही काय करताय?" फार लागायचं मनाला. कारण तयार ठेक्यावर जिवंत वाजवायचं म्हणजे काय असतं ते वाजवणाऱ्यालाच माहीत. यंत्र श्वास घेत नाही, म्हणून श्वास तुम्हाला घालावा लागतो. त्या गाण्यात बेस किती मागे रेलून बसलाय ते ऐका. ठेका सरळ चाललाय आणि बेस सावकाश, खांदे पाडून. त्या दोघांमधल्या फटीत ते गाणं आहे.

मुलाखत पाहून मी माळ्यावरचा माझा कीबोर्ड काढला. दोन पट्ट्या बसल्यात, बाकी चालू आहे.


अवकाळी:

काका, हा प्रतिसाद म्हणजे धाग्याचं सोनं. पट्ट्या दुरुस्त करून घ्या, होतात.


थेम्सकाठी:

मी २०१० च्या नोव्हेंबरात लंडनच्या ओ-टू सभागृहात गोरिलाझ बघितला, तो अनुभव इथे उपयोगी पडेल.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. २००१ मध्ये हे लोक पडद्यामागे उभे राहून वाजवायचे. समोर ह्यूलेटची चित्रं, मागे माणसांच्या सावल्या. २००५ मध्ये लिस्बनच्या एमटीव्ही सोहळ्यात आणि २००६ मध्ये ग्रॅमीला पात्रं 'प्रत्यक्ष' मंचावर आली. जुन्या नाटकातली भुताची युक्तीच ती, तिरप्या पारदर्शक पृष्ठभागावर पाडलेलं प्रतिबिंब. ग्रॅमीला तर मॅडोनाही त्यांच्यात आली. पण ती युक्ती जपायची तर आवाज दाबावा लागतो. बेसचे खालचे सूर मोठे झाले की ताणलेली फिल्म थरथरते आणि चित्र फुटतं. अशा प्रतिमांसह जगभर दौरा करायचा बेत होता, तो बारगळला. सुरपेटी, तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. चित्र जपायचं तर बेस बंद, आणि बेस तर या संगीताचा कणा.

मग २०१० मध्ये त्यांनी चित्रं वर पडद्यावर पाठवली आणि माणसं खाली उजेडात आणली. खलाशांच्या टोप्या घातलेले 'द क्लॅश' या जुन्या पंक बँडचे मिक जोन्स आणि पॉल सिमोनन. बाजूला अरबी वाद्यवृंद. 'फील गुड इंक'च्या सुरुवातीचं ते राक्षसी हसू 'डे ला सोल' या रॅप गटातल्या मेसिओचं आहे, ते तिथे त्याच्या तोंडून ऐकलं. आणि बॉबी वोमॅक. त्यांना हा बँड माहीतच नव्हता, मुलीने आग्रह केला म्हणून ते गेले, हे नंतर वाचलं. त्या रात्री ते गायला लागले तेव्हा वरच्या पडद्याकडे मी बघितलंच नाही. माझ्या आजूबाजूच्या कोणीच बघितलं नसावं.


मनवा:

सगळे भारावून लिहीत आहेत, पण एक गोष्ट बोलायला हवी. रसेल काळा, नूडल जपानी, आणि दोघांना जन्म देणारे दोन गोरे इंग्रज पुरुष. नूडलचा गाता आवाज पहिल्या अल्बमवर मिहो हातोरीचा, 'डेअर'मध्ये रोझी विल्सनचा, बोलण्याचा आवाज हारुका कुरोडाचा. तीन बायकांचा आवाज मिळून एक मुलगी, आणि मुलाखतीत विचारलं जातं ते अल्बार्नला. 'मुखवट्यामागे गर्दी आहे' हे खरं, पण त्या गर्दीचा घरमालक एकच आहे. भाडेकरू बदलतात.

मला गोरिलाझ आवडतो म्हणूनच हे लिहिलं. आवडत नसता तर लिहायचे कष्ट घेतले नसते.


सुरपेटी:

मनवा, 'घरमालक' हा शब्द लागला, कारण बरोबर आहे. मी जागा झाली म्हणून आनंदात होतो, जागा कोणाच्या नावावर आहे ते बघितलं नव्हतं. एवढंच सांगतो, रसेलला आवाज देणारा रेमी कबाका पुढे प्रत्यक्ष तालवाद्यं वाजवू लागला, निर्माता झाला, आणि आज त्या बँडचा अधिकृत भाग आहे. एकजण तरी चित्रातून निघून घरात आला. हे पुरेसं नाही, कळतंय मला.


जुनीरेकॉर्ड:

धागा 'द माउंटन'पर्यंत येईल म्हणून थांबलो होतो. कोणी काढत नाही, मीच काढतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये या अल्बमची घोषणा झाली. मुखपृष्ठावर देवनागरीत 'पर्वत' लिहिलंय. कथेत चौघं खोटे पासपोर्ट काढून मुंबईला पोहोचतात. खरं कारण वेगळं आहे: अल्बार्न आणि ह्यूलेट या दोघांचे वडील थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. अल्बार्नने वडिलांची रक्षा वाराणसीला गंगेत सोडली. मुद्रण लंडन, डेव्हन, मुंबई, दिल्ली, राजस्थान, वाराणसी असं फिरत झालं. अनुष्का शंकर, अजय प्रसन्नांची बासरी, अमान आणि अयान अली बंगश यांचे सरोद, मूळच्या मुंबईच्या आशा पुतळी. आणि 'द शॅडोई लाइट'मध्ये आशाताई.

आई माहेरची सांगलीची. तिला काही न सांगता गाणं लावलं. सुरुवातीला ती गवार मोडत बसली होती. आशाताईंचा आवाज आला तसे हात थांबले. "थकलाय गं आवाज," म्हणाली, आपल्या बहिणीबद्दल बोलावं तसं. मग विचारलं, "कुणासाठी गातीय?" मी फोनवर ती चार कार्टून दाखवली. तिला जराही विचित्र वाटलं नाही. "बरं आहे की. तिनं आजवर कुणाकुणाच्या चेहऱ्याला आवाज दिलाय."

हे मला पन्नास पुस्तकं वाचून सुचलं नसतं. आवाज एकाचा, ओठ दुसऱ्याचे, हे आपण १९३०च्या दशकापासून ऐकत आलोय, आणि कोणी त्याला खोटं म्हटलं नाही. १९९७ मध्ये 'कॉर्नरशॉप' या इंग्लंडच्या बँडने 'ब्रिमफुल ऑफ आशा' केलं तेही याच पार्श्वगायनाला वाहिलेलं गाणं. त्यात आशाताई गाण्याचा विषय होत्या. आता त्या स्वतः गातायत.


मनवा:

आईंना नमस्कार सांगा. पण इथे एक फरक नोंदवते. आशाताईंचं नाव तबकडीवर असतं, त्यासाठी आपल्याकडच्या पार्श्वगायकांना झगडावं लागलं आहे. श्रेय दिलेला आवाज आणि न दिलेला आवाज यांत फरक आहे, आणि गोरिलाझ पाहुण्यांची नावं ठळक लिहितो हे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवं. नूडलच्या आवाजांना तेवढी ठळक नावं मिळाली नाहीत, इतकंच माझं म्हणणं.


शंकेखोर:

'द माउंटन'मध्ये गेलेल्या लोकांचेही आवाज आहेत. डेनिस हॉपर, बॉबी वोमॅक, मार्क ई. स्मिथ, टोनी ॲलन, 'डे ला सोल'चा डेव्ह जॉलिकर, रॅपर प्रूफ. पूर्वीच्या मुद्रणांतून राहिलेले आवाज. आता सांगा, देह नसलेल्या बँडमध्ये देह नसलेले गायक. बोद्रियार याहून वेगळं काय म्हणतो? आणि मेलेल्या माणसाने 'या गाण्यात मला घ्या' असं सांगितलेलं नसतं. मी टोमणा मारत नाही, खरंच विचारतोय.


सुरपेटी:

शंकेखोर, या प्रश्नावर दोन दिवस घालवले.

प्रूफचं उदाहरण घेतो. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला, विमानं बंद झाली, आणि डेट्रॉइटचा 'डी-१२' हा रॅप गट लंडनमध्ये अडकला. घरी जाता येत नव्हतं. तेव्हा ते अल्बार्नच्या स्टुडिओत गेले आणि गोरिलाझबरोबर '९११' नावाचं गाणं केलं. प्रूफ त्या गटात होता. २००६ मध्ये तो डेट्रॉइटमध्ये गोळीबारात गेला. आता 'द मॅनिफेस्टो'मध्ये त्याचा आवाज येतो. गोळीबारात गेलेल्या रॅपर मित्राचा आवाज: ही रसेलची गोष्ट आहे! १९९८ च्या आसपास दोघांनी एका कार्टूनसाठी जे रचलं, ते पुढे त्यांच्या ओळखीच्या माणसाच्या वाट्याला आलं. मी ते गाणं पहिल्यांदा रिक्षात ऐकलं, आणि उतरायचं ठिकाण मागे पडलं तरी सांगायचं सुचलं नाही.

संमतीबद्दल तुमचं बरोबर आहे, ते जिवंत माणसाच्या 'हो'सारखं होऊ शकत नाही. पण हे लोक कोणी परके नव्हेत, या घरी आधी येऊन गाऊन गेलेले आहेत. माझ्या लेखी हॉपरचा आवाज 'प्रतिरूप' नाही. वडील गेल्यावर त्यांचा आवाज आमच्या जुन्या फोनमध्ये राहिला होता, 'येताना दूध आण' एवढंच. ते वाक्य मी अजून पुसलेलं नाही. त्याला नक्कल म्हणायला माझी जीभ वळणार नाही.


शंकेखोर:

समजलं. यावर आता वाद घालणार नाही. जाहिरातींवर मात्र घालणार.


पहिलीओळ:

मी गोरिलाझ कधीच ऐकलेला नाही, धागा वाचून इथवर आलो. सुरुवात कुठून करू?


सुरपेटी:

आधी 'क्लिंट ईस्टवूड', कीबोर्डकाकांचा प्रतिसाद पुन्हा वाचून, बेसवर कान ठेवून. फोनच्या स्पीकरवर नको, बेस कळणार नाही. मग 'डीमन डेज' सलग, गाणी न उलटसुलट करता, कारण शेवटची दोन गाणी एकमेकांत मिसळतात. 'प्लॅस्टिक बीच'मधलं 'स्टायलो' वोमॅकसाठी. 'द माउंटन' सगळ्यात शेवटी. त्यातल्या जुन्या आवाजांची आधी भेट झालेली असू दे.


कीबोर्डकाका:

पट्ट्या दुरुस्त झाल्या. चारशे रुपये. 'क्लिंट ईस्टवूड'चा मेलोडिकाचा भाग बसवतोय, कोणाकडे नोटेशन असेल तर इथे टाका.